‘बंडी’ घेतली म्हणजे नेमके काय घेतले? ‘खितोन’ या ग्रीक शब्दाचा अर्थ

मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या बपेऱ्यात (ता. तुमसर) ‘बंडी नेली’ असे कुणी म्हटले, तर आधी डोळ्यांसमोर येते बैलबंडी. मराठी बायबलमध्येही एक बंडी आहे. कुणी फिर्याद करून तुमची बंडी घेऊ पाहिली, तर त्याला अंगरखाही द्या, असे येशू सांगतो (मत्तय ५:४०). ही बंडी अंगातली. मूळ ग्रीक शब्द आहे ‘खितोन’.

खितोन म्हणजे अंगाला लागून असणारा पहिला कपडा. हा शब्द ग्रीकांनी सेमिटिक भाषांकडून घेतला आणि त्याचे नाते लिननशी, म्हणजे जवसाच्या कापडाशी आहे. पूर्व विदर्भात उभ्या धानात उतेरा म्हणून जवस पेरतात, ते तेलासाठी. तिकडे त्याच झाडाच्या खोडातून धागा निघत असे.

प्राचीन ग्रीसमध्ये आयताकृती कापड खांद्यांवर टाचून, कमरेला पट्टा बांधला की खितोन तयार. म्हणजे तो धोतर-लुगड्याच्या कुळातलाच. येशूच्या काळापर्यंत मात्र त्याचा लांब सदरा झाला होता. त्या मानाने बंडी आखूडच. तरीही शब्द चपखल आहे, कारण इथे लांबीपेक्षा जागा महत्त्वाची. इंग्रजीत १६११च्या प्रसिद्ध भाषांतरात ‘कोट’ आहे. आजच्या वाचकाला तो वरचा कपडा वाटतो आणि सगळा अर्थच उलटतो.

कारण वाद कर्जाचा आहे. वरच्या कपड्याला ग्रीकमध्ये ‘हिमातिओन’ म्हणत. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले, तर सूर्यास्तापूर्वी परत करा, असा नियम जुन्या करारात आहे (निर्गम २२:२६-२७). रात्री झोपताना त्याच्याकडे तेवढेच असते. पांघरूण ठेवून घेता येत नाही, म्हणून सावकार आतल्या कपड्यावर दावा लावतो. अशा वेळी ऋणकोने दोन्ही कपडे काढून दिले, तर तो कचेरीत उघडा उभा राहणार. काही अभ्यासकांच्या मते लाज तिथे सावकाराची जाते.

लूकच्या शुभवर्तमानात (६:२९) हाच क्रम उलटा आहे: आधी वरचा कपडा, मग खितोन. तिथे कचेरीचा उल्लेख नाही, कपडा हिसकावला जातो आहे. आणि हिसकावणाऱ्याच्या हाताला आधी वरचाच कपडा लागतो.