टेबल सॉ घेताय? आधी काय कापणार ते ठरवा!

मॉड्युलर किचन, वॉर्डरोबची कामं घेणार असाल तर रोज ८ बाय ४ फुटांची शीट कापायची आहे. छोट्या टेबल सॉवर ती एकट्याने ढकलली की कट वाकडा जातो. इथे स्लाइडिंग पॅनल सॉच हवा. त्यातलं छोटं स्कोअरिंग ब्लेड खालून आधी खाच पाडतं, म्हणून लॅमिनेटचे टवके उडत नाहीत. पण ब्लेडच्या पुढे-मागे आठ-आठ फूट मोकळी जागा लागते, आणि बहुतेकांना थ्री फेज. गाळ्याचं डिपॉझिट देण्याआधी हे विचारा, नंतर नाही!

पाट, चौरंग, फ्रेमसाठी सिंगल फेजवरचा १० इंची टेबल सॉ पुरतो. फक्त रायव्हिंग नाइफ नसलेला घेऊ नका. लाकूड ब्लेडला आवळलं की उलटं अंगावर येतं.