पाहुण्या प्रणाली आणि मालकीचे कुलूप

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना एक विलक्षण आवाहन करावे लागले. टाळेबंदीमुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर लोटला होता आणि ते हाताळणारी सरकारी यंत्रणा चाळीस वर्षांहून जुन्या संगणकव्यवस्थेवर विसंबून होती. कोबोल भाषा जाणणाऱ्या स्वयंसेवकांनी पुढे यावे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. जगातील मोठ्या बँका व विमा कंपन्या यांचे बरेच व्यवहार आजही 'मेनफ्रेम' नावाच्या महासंगणकांवर चालतात, आणि त्यांच्या आज्ञावलींची निगा राखणारे कितीतरी हात पुण्या-मुंबईत आहेत. ही यंत्रे चालविण्याची विद्या नव्या पिढीने शिकायची कोठे, हा प्रश्न म्हणूनच केवळ अमेरिकेचा राहत नाही.

असे यंत्र विद्यार्थ्याला घरी आणता येणार नाही हे उघड आहे. त्याची हुबेहूब नक्कल मात्र आणता येते, आणि त्या नकलेची कुळकथा यंत्राइतकीच जुनी आहे. १९६४ साली आय.बी.एम. कंपनीने 'सिस्टिम/३६०' ही यंत्रमाला जाहीर केली. नवी कार्यप्रणाली तपासायची तर त्या काळी सारे यंत्र मोकळे करून घ्यावे लागे. ती कोसळली तर इतरांचे काम तिच्याबरोबर बुडे. कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्रात रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो प्रभृतींनी निराळी वाट धरली. यंत्राचा वेळ वाटून देण्याऐवजी प्रत्येकाला संपूर्ण यंत्रच मिळाल्याचा भास का निर्माण करू नये? १९६७ च्या प्रारंभी त्यांची 'सी.पी.-४०' प्रणाली वापरात आली आणि एकाच यंत्राच्या पोटात चौदा आभासी यंत्रे नांदू लागली. १९७२ मध्ये हीच कल्पना 'व्ही.एम./३७०' या नावाने ग्राहकांपर्यंत पोहोचली.

या घरातील पाहुण्या कार्यप्रणालीला आपण पाहुणे आहोत याची गंधवार्ताही नसते. तिच्या साध्या आज्ञा खऱ्या यंत्रावर थेट चालतात. 'तबकडी फिरव', 'छापखाना सुरू कर' असली मालकी हक्काची आज्ञा तिने दिली, की यंत्र तिला क्षणभर थांबविते आणि यजमान प्रणाली ते काम तिच्या वतीने, तिला नेमून दिलेल्या तबकडीच्या तुकड्यावर उरकते. पाहुणी कोसळली तरी शेजारच्या खोलीत कोणाला पत्ता लागत नाही. गोची होते ती पाहुणीच स्वतः आभासी स्मृती वापरू लागली म्हणजे. तिच्या कोष्टकांतील पत्ते खरे नसतात. म्हणून यजमानाला त्या कोष्टकांची खऱ्या पत्त्यांसह छायाप्रत ठेवावी लागते व ती सतत दुरुस्त करावी लागते. पाहुणचार महाग पडे तो येथे.

१९९९ मध्ये रॉजर बाउलर यांच्या 'हर्क्युलिस' या आज्ञावलीने ही कल्पना आणखी पुढे नेली. येथे खरे मेनफ्रेम यंत्र मुळी नसतेच. त्याची प्रत्येक आज्ञा घरगुती संगणकावर सॉफ्टवेअरद्वारे वाचून पार पाडली जाते. एके काळी कपाटाएवढ्या यंत्रात फिरणारी ३१७ मेगाबाइटची '३३५०' तबकडी आता एक साधी फाइल होते. कार्डे वाचणारे यंत्रही फाइलच वाचते. हर्क्युलिसच्या आत व्ही.एम./३७० आणि तिच्या आत 'एम.व्ही.एस.' अशी एकात एक डब्यांसारखी रचनाही करता येते, आणि तरी तिचा वेग सत्तरीतील पुष्कळ खऱ्या यंत्रांना मागे टाकतो.

परंतु या डब्यात घालायचे काय? जुन्या कार्यप्रणालींची कंपनी वेगळी किंमत घेत नसे आणि त्यांवर स्वामित्वाची सूचनाही नसे. त्यामुळे १९८१ ची एम.व्ही.एस. ३.८ ही सर्वांना खुली मानली जाते. तिच्या पुढच्या पिढ्यांना मात्र कुलूप आहे. बाउलर यांच्या 'टर्बोहर्क्युलिस' या संस्थेने २००९ मध्ये आजची 'झेड/ओ.एस.' प्रणाली ग्राहकांना हर्क्युलिसवर चालवू द्यावी अशी मागणी केली. कंपनीने नकार दिला आणि मार्च २०१० मध्ये पेटंटे व पेटंट-अर्ज मिळून १७३ क्रमांकांची यादी धाडली. प्रकरण युरोपीय आयोगाकडे गेले, त्याच वर्षी जुलैत चौकशी सुरू झाली. २०११ मध्ये तक्रारदारांनी तक्रारी मागे घेतल्या आणि ती बंद पडली.

संशोधनावर अफाट पैसा ओतणाऱ्या कंपनीने आपला माल राखावा, यात गैर नाही. पण हीच कंपनी साध्या संगणकावर चालणारी नक्कल स्वतः विकते, अर्थात केवळ विकास व चाचणीसाठी आणि सोबतच्या इलेक्ट्रॉनिक किल्लीच्या बंधनासह. तेव्हा नक्कल अशक्य वा अविश्वसनीय आहे, हा आक्षेप टिकत नाही. विद्यार्थ्यांना खऱ्या मेनफ्रेमवर दूरवरून मोफत सराव करण्याची सोयही तिने केली आहे, आणि ती स्तुत्य आहे. तथापि दुसऱ्याच्या यंत्रावर खाते मिळणे वेगळे आणि ते यंत्र बंद अवस्थेतून उठवून, पाडून, पुन्हा उभे करणे वेगळे. खातेदाराला बँक चालविता येत नाही. ही दुसरी विद्या मिळवू पाहणाऱ्या सामान्य विद्यार्थ्यापुढे हर्क्युलिस आणि १९८१ ची प्रणाली हा एक मार्ग कायदेशीरपणे खुला आहे. त्या प्रणालीत एका कामाला १६ मेगाबाइटांपलीकडे स्मृती मिळत नाही, आणि नंतरच्या चार दशकांत मेनफ्रेममध्ये आलेले काहीही तिला ठाऊक नाही.