पोकळ वाजणारी फरशी

मिस्त्रीनं दारातच चप्पल काढली, थापी उलटी धरली आणि तिच्या लाकडी मुठीनं फरशी ठोकत हॉलभर फिरला. टक, टक, टक. खिडकीखाली एकदम ढब. "सर, इथं पोकळ वाजायलीय." खडूनं फुली मारली. अशा अकरा फुल्या झाल्या.

बीडच्या बार्शी रोडकडचा आमचा वन बीएचके विकायला काढला होता. एजंटाचं म्हणणं, जुनी मोझॅक बघून गिऱ्हाईक दारातूनच भाव पाडतं, वर चकचकीत व्हिट्रिफाइड टाका. १७ सप्टेंबर २०२५ला अहिल्यानगरची रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून त्याच्या प्रत्येक बोलण्यात स्टेशन येतं. फरशीच्या बोलण्यातही आलं.

टाइलच्या दुकानात बहुतेक माल मोरबीचा. हॉल दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. दोन बाय दोनच्या ३० टाइल, कापाकापीला दहा टक्के धरून ३३. बॉक्समध्ये चार, म्हणून नऊ बॉक्स. दुकानदारानं पांढरीशुभ्र टाइल दिव्याखाली तिरपी धरली, तर तिच्यात माझं टक्कल दिसलं. मिस्त्री हळूच म्हणाला, "पुसणार कोणत्या पाण्यानं?" आमच्याकडे बोअरचं. बादलीच्या काठाला पांढरा थर धरणारं. ते या आरशावर वाळलं की थेंबन् थेंब उमटणार, आणि घर बघायला येणारा नेमका पुसल्यानंतरच येणार.

मग जुन्यावरच नवी चिकटवायची? फोडकाम वाचतं खरं, पण टाइल आणि अ‍ॅडहेसिव्ह मिळून जमीन अर्धा इंच वर येते. दारं खालून रंध्यानं तासावी लागतात. शिवाय खालचं पोकळ ते पोकळच.

शेवटी अकरा फरश्या अलगद उचलल्या, खालचा भुसभुशीत मसाला खरवडला, नवा भरून त्याच परत बसवल्या. वीस वर्षांपूर्वीच्या मोझॅकचा रंग बाजारात जुळत नाही, म्हणून एकही फोडायची नव्हती. दोन फुटल्याच. त्या पलंगाखालच्या दोन काढून भरल्या. पलंगाखाली साधं सिमेंट. (हे गिऱ्हाइकाला सांगितलं. एजंट रागावला.)

पॉलिशला टँकर मागवला. मशीनला आधी जाड दगड, मग बारीक, आणखी बारीक. सारखं पाणी सोडायचं. धिरड्याच्या पिठासारखा राखाडी चिखल निघतो. तो मोरीत सोडला तर पाइपात दगड होऊन बसतो, म्हणून पोत्यांत भरून खाली नेला. तिसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या खड्या वर आल्या आणि घर घेतलं तेव्हाची फरशी दिसली.

सजावटीचं लवकर उरकलं. बेडरूमची जांभळी 'हायलायटर' भिंत फिकट केली, खिळे उपटले, शोकेस भाच्याला दिली. खोली एकदम मोठी वाटायला लागली.

पहिलं जोडपं रविवारी आलं. नवऱ्यानं नळ सोडला, "पाणी किती दिवसाला?" विचारलं. बाईंनी फरशीकडे बघितलंही नाही. सरळ बाथरूममध्ये गेल्या, मगभर पाणी कोपऱ्यात ओतलं आणि थांबल्या. आम्ही चौघंही वाकून बघत राहिलो. पाणी जाळीकडे निघालं. दाराजवळ मात्र तळहाताएवढं थबकलं.

"तेवढा उतार करून देता का, काका?"

मी मिस्त्रीला फोन लावला.