राणीचा पाय दुखावला म्हणून

कमळ म्हणजे पावित्र्य, अशोक म्हणजे प्रेम, अशी कोष्टकं मांडून कालिदास वाचायला घेतला की हाती फारसं लागत नाही. त्याची फुलं नाटकात चक्क भाग घेतात.

जुना कविसंकेत असा, की फुलण्याआधी झाडांनाही डोहाळे लागतात आणि ते सुंदर स्त्रीनं पुरवायचे. बकुळीला तिच्या तोंडच्या मद्याची चूळ हवी, कुरबकाला आलिंगन, तिलकाला नुसती नजर पुरते. अशोकाला मात्र अळता लावलेल्या पायाची लाथ लागते. (सोसायट्यांच्या कुंपणाशी सरळसोट वाढतो तो हा अशोक नव्हे. हा सीतेचा अशोक, जुन्या फांद्यांवर केशरी-तांबडे झुबके धरणारा.)

'मालविकाग्निमित्र'ची सगळी गंमत या लाथेत आहे. विदिशेच्या राजा अग्निमित्राच्या बागेतला अशोक फुलत नाही. लाथेचा मान पट्टराणी धारिणीचा. पण विदूषकाच्या धांदरटपणामुळे ती झोपाळ्यावरून पडलीय, पाय दुखावलाय. मग ती आपल्या दासीला, मालविकेला, पाठवते. राजाच्या नजरेला पडू नये म्हणून जिला इतकं जपलं, तिलाच! वर शब्द देते: पाच रात्रींत झाड फुललं तर तुझी इच्छा पुरवीन. पट्टराणीच्या जागी दासीचा पाय लागला, तेव्हाच जाणत्या प्रेक्षकानं पुढचं ओळखलं असणार. राजा लपून बघतोय, तेवढ्यात धाकटी राणी इरावती मद्याच्या तारेत तिथं येते आणि व्हायचा तो तमाशा होतो. अशोक मुदतीत फुलतो. मालविका विदर्भाची राजकन्या निघते आणि धारिणी स्वतःच तिचा हात राजाच्या हाती देते.

'मेघदूता'त हाच संकेत विरहाला थोडं हसवतो. यक्षाच्या घरचा अशोक त्याच्या पत्नीच्या डाव्या पायाची वाट बघतोय आणि आपणही त्याच रांगेत आहोत, असं यक्ष मेघाला सांगतो.

'कुमारसंभवा'त मात्र कालिदास संकेत मोडतो. शिवाचं तप भंगावं म्हणून मदनाच्या मदतीला वसंत अवेळी येतो आणि अशोक कुणाच्या पायाची वाट न बघताच बुंध्यापासून फुलून येतो. मला ही त्याची सर्वांत धूर्त जागा वाटते: डोहाळ्यांवाचून आलेला हा बहर बळजबरीचा आहे. तो सर्ग संपण्याआधी मदनाची राख झालेली असते.