चिबोकच्या मुली आठवतात का?

मैत्रिणींनो, मार्चमध्ये आमच्या शाळेत दहावीचं केंद्र असतं. पर्यवेक्षणाला उभी राहिले, की खाली मान घालून भराभरा लिहिणाऱ्या मुली पाहून मला हटकून चिबोक आठवतं. तुम्हाला आठवतं का?

नायजेरियाच्या ईशान्येला, बोर्नो राज्यात हे गाव आहे. १४ एप्रिल २०१४ च्या रात्री तिथल्या सरकारी शाळेतून बोको हराम या दहशतवादी संघटनेने २७६ मुली पळवून नेल्या. धोका होता म्हणून शाळा बंदच होती. मुली आल्या होत्या त्या केवळ शेवटच्या वर्षाची परीक्षा द्यायला! ५७ जणी कशाबशा निसटल्या. लष्कराने तर बहुतेक मुली सुटल्याचं जाहीर केलं आणि लगेच शब्द मागे घेतला.

मग ‘आमच्या मुली परत आणा’ ही हाक ट्विटरवरून जगभर गेली. मे महिन्यात मिशेल ओबामांनीही ती पाटी हाती धरून फोटो काढला. आपणही फेसबुकवर हळहळलो. जून उजाडला आणि वह्या-पुस्तकांच्या गडबडीत मी तरी विसरून गेले. खोटं कशाला बोलू?

पण राजधानी अबुजामधल्या बायका विसरल्या नाहीत. माजी शिक्षणमंत्री ओबी एझेक्वेसिली आणि त्यांचे सोबती लाल कपडे घालून रोज ठरलेल्या जागी जमत, किती दिवस झाले ते मोजत आणि जगाला कळवत. जग पांगलं, पण त्यांचा नेम वर्षानुवर्षे चालला. वाटाघाटी होऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये २१ आणि मे २०१७ मध्ये ८२ मुली सुटल्या. नुसत्या हॅशटॅगने सुटल्या असं मी म्हणणार नाही. पण विषय गुंडाळून ठेवणं कुणाला जमलं नाही, हे खरं. तरीही दहा वर्षांनी, २०२४ साली, ऐंशीहून अधिक मुली परतलेल्या नव्हत्या.

आपण काय करावं? दहा ठिकाणी हळहळण्यापेक्षा एकच विषय धरावा. त्याची तारीख लिहून ठेवावी, त्या दिवशी नवीन काय घडलं ते वाचून आपल्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात. आणि फोटो पुढे पाठवण्याआधी तो कुणाचा, हे पाहावं. याच मोहिमेत गिनी-बिसाऊ या दुसऱ्याच देशातल्या मुलींचे फोटो फिरत होते! त्या आपल्या लेकी असत्या तर?

१४ एप्रिल लक्षात ठेवणं आपल्याला अवघड नाही; आंबेडकर जयंती ना ती! कॅलेंडरच्या त्या चौकोनात, दुधाच्या खाड्याशेजारी, मी ‘चिबोक’ लिहून ठेवलं. सासूबाईंनी विचारलं, ‘‘हे काय गं?’’ मी सगळं सांगितलं. गव्हाचं ताट बाजूला सारून त्या म्हणाल्या, ‘‘अजून आल्या नाहीत पोरी?’’

विचारणारं एक माणूस वाढलं. तुमच्या घरातही वाढेल, नाही का?