मॅरेथॉनचा सराव, पण उजाडल्यावर

दिवाळी सरली की जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर दोन गोष्टी एकदमच वाढतात. एक म्हणजे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, कारण ‘विघ्नहर’ आणि ‘भीमाशंकर’ या दोन्ही साखर कारखान्यांचे गाळप सुरू झालेले असते. दुसरी म्हणजे पळणारी माणसे. पूर्वी पहाटे पळताना दिसायची ती पोलीस भरतीची पोरे. त्यांचे अंतर ठरलेले, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८००. आता त्यांच्या मागोमाग शिक्षक, पतसंस्थेतले कर्मचारी, डॉक्टर, टोमॅटो-द्राक्षाचे बागाईतदार आणि चाळिशी ओलांडलेल्या गृहिणीही रस्त्यावर दिसतात. यांच्या डोक्यात एकवीस किलोमीटर असतात, काहींच्या तर बेचाळीस. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन हे बहुतेकांचे लक्ष्य.

या मंडळींच्या मोबाइलवर सरावाचे जे तक्ते फिरतात ते बहुधा शहरातून आलेले असतात. पहाटे चारला उठा, साडेचारला रस्त्यावर या, ऊन चढण्याआधी अंतर संपवा. पुण्या-मुंबईत ते ठीक आहे. तिथे सातनंतर वाहनांमुळे पळता येत नाही आणि नऊला ऑफिस गाठायचे असते. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगावच्या माणसाने मात्र हा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. इथे हिवाळ्यातला लांब पल्ल्याचा सराव उजाडल्यावरच करायला हवा, आणि त्यामागे केवळ भीती नाही, शरीरशास्त्रही आहे.

आधी भीतीचे बोलू, कारण ती खरी आहे. वन खात्याच्या जुन्नर विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी इथे पाणी आणले, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या स्थिरावला. वर्षभर उभे राहणारे दाट पीक, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या, एवढे असल्यावर त्याला जंगलात परत जाण्याचे कारणच उरत नाही. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र याच परिस्थितीतून उभे राहिले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात हल्ल्यांमध्ये लहान मुलांचा जीव गेला आणि लोक महामार्गावर उतरले, हे अजून कुणी विसरलेले नाही.

मॅरेथॉनच्या सरावाचे महिने आणि ऊसतोडीचे महिने नेमके एकच आहेत. तोड सुरू झाली की बिबट्याचा आडोसा रोज थोडा थोडा कमी होतो. मादी पिल्ले घेऊन एका फडातून दुसऱ्या फडात जाते, आणि तिची ही हालचाल संध्याकाळनंतर ते उजाडेपर्यंत चालते. अशा वेळी दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या कालव्याच्या भरावावरून, कानात इअरफोन घालून, एकट्याने पळणे म्हणजे नको ती जोखीम घेणे आहे. भरावाची मऊ माती गुडघ्यांना चांगली, हे खरे. पण ती उजाडल्यावरही मऊच असते.

पळणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी वेगळ्याने सांगायला हव्यात. बुटाची नाडी बांधायला किंवा पोटऱ्या ताणायला उसाच्या कडेला खाली बसू नका, वाकू नका. बसलेला माणूस उंचीने लहान दिसतो आणि बिबट्याचे भक्ष्य सहसा त्याच उंचीचे असते. दुसरे म्हणजे, बिबट्या समोर आलाच तर पळू नका. महिनोन्‌महिने पळण्याची सवय लावलेल्या माणसाला हे सांगणे विचित्र वाटेल, पण पाठ फिरवून पळणाऱ्याचा पाठलाग करणे ही मांजरकुळाची उपजत प्रवृत्ती आहे. जागीच उभे राहा, हात वर करून मोठे दिसा, जोरात ओरडा आणि त्याच्यावरची नजर न काढता सावकाश मागे सरका.

रात्री मोटार चालू करायला शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याला अंधार टाळता येत नाही, वीज येईल तेव्हा त्याला जावेच लागते. हौसेने पळणाऱ्याची अशी सक्ती नसते. आपली वेळ आपल्या हातात आहे, एवढे तरी आपण वापरावे.

अंधाराचा दुसरा धोका कमी चर्चेत असतो, तो म्हणजे ट्रॉल्या. मागे रिफ्लेक्टर नसलेली, रुंदीबाहेर ऊस लोंबणारी ट्रॉली आणि समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर दिवा, या दोहोंमध्ये काळ्या ट्रॅकपँटमधला माणूस चालकाला दिसतच नाही.

तिसरे कारण हवेत आहे. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होते आणि कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या खोऱ्यांत साठून राहते. वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. एरवी हवा जितकी वर जावी तितकी गार होते, इथे उलटे घडते. या झाकणाखाली शेकोट्यांचा, चुलींचा आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर कोंडून राहतो. पहाटे दूरवर दिसणारा तो निळसर पट्टा धुक्याचाच असतो असे नाही. सूर्य वर आला, जमीन तापली की झाकण फुटते आणि धूर वर निघून जातो. लांब पळताना माणूस बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत घेतो, तीही तोंडाने. दमेकऱ्यांना तर थंड कोरडी हवा पुरेशी असते, श्वासनलिका आवळतात आणि दहाव्या मिनिटाला खोकला सुरू होतो. अशांनी आधी दहा-पंधरा मिनिटे भरभर चालावे, नाका-तोंडावर मफलरचा एक पदर ठेवावा, आणि डॉक्टरांनी पंप दिला असेल तर तो घरी कपाटात न ठेवता सोबत घ्यावा.

मग उशिरा निघाल्याने सरावात काही कमी पडते का? नाही. लांब पल्ल्याच्या संथ धावण्यातून स्नायूंमध्ये केशवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जाकेंद्रे म्हणजे मायटोकाँड्रिया वाढतात आणि शरीर चरबी जाळायला शिकते. या गोष्टी घड्याळ पाहून होत नाहीत. उलट शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि सांधे आखडलेले असतात. चारला उठण्यासाठी झोप तोडली तर स्नायूंच्या दुरुस्तीचाच वेळ कापला जातो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि नऊ-साडेनऊपर्यंत गारवा टिकतो. रविवारी सव्वासातला निघालेला माणूस नारायणगाव ते जुन्नर हे पंधराएक किलोमीटर आरामात, ऊन लागण्याआधी पुरे करू शकतो. मधल्या वारी तासभराचा सराव गावातल्या मैदानावर, शाळेच्या पटांगणात फेऱ्या मारून करावा. कंटाळवाणे आहे, कबूल. संध्याकाळी पळणार असाल तर दिवेलागणीआधी घरी या.

आता उरतो तो मुद्दा, ज्याकडे आपल्याकडचे धावपटू हमखास दुर्लक्ष करतात. पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मॅरेथॉनमधल्या सुमारे १८ लाख धावपटूंच्या वेळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सर्वोत्तम धावण्यासाठीचे तापमान त्यात ३.८ ते ९.९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान निघाले. जुन्नरची कडाक्याची सकाळ या पट्ट्याच्या जवळ जाते. म्हणजे आपण तीन महिने जवळजवळ आदर्श हवेत पळतो आणि स्पर्धेला मुंबईत उतरतो. तिथे जानेवारीतही पहाटे पारा बहुधा अठरा-वीसच्या आसपास असतो, हवा दमट असते, घाम वाळत नाही. साडेचार-पाच तासांत पूर्ण मॅरेथॉन करणारा हौशी धावपटू पेडर रोडच्या चढाला लागतो तेव्हा ऊन चांगलेच वर आलेले असते. सरावात सहज जमलेला वेग इथे जमत नाही आणि दोष मात्र मनाच्या कमकुवतपणाला दिला जातो.

शरीर उष्णतेला सरावते, पण त्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या काही दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो, मग घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, घामातले मीठ कमी होते. म्हणून स्पर्धेआधीच्या दोन आठवड्यांत निरोगी माणसाने काही सराव मुद्दाम दुपारी तीन-चारच्या उन्हात करावा, तासाभराच्या आत, संथ, सोबत पाणी ठेवून. पहाटेच्या अंधारात दहा अंशांना पळून ही तयारी होत नाही. बिबट्या जी वेळ टाळायला लावतो, तीच टाळणे मुंबईसाठीही फायद्याचे, असा हा योग आहे.

अंतर किती वाढवायचे यावर गावोगावच्या ग्रुपमध्ये वाद असतात. ‘आठवड्याला दहा टक्के’ हा नियम सगळे सांगतात, पण नवख्या धावपटूंवर हॉलंडमध्ये झालेल्या २००८ च्या चाचणीत तो पाळणाऱ्यांच्या आणि न पाळणाऱ्यांच्या दुखापतींत फरक दिसला नव्हता. २०२५ साली पाच हजारांहून अधिक धावपटूंवरचा मोठा अभ्यास आला, त्याने वेगळीच गोष्ट दाखवली. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी महाग पडते. गेल्या तीस दिवसांतल्या आपल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एकाच दिवशी दहा टक्क्यांहून जास्त पळणाऱ्यांमध्ये दुखापतीचे प्रमाण ठळकपणे वाढले. अंतर दुपटीवर नेणाऱ्यांचा धोका तर दुपटीहून अधिक झाला. म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभी सोळा किलोमीटर पळणाऱ्याने दर आठवड्याला दीड-दोन किलोमीटर वाढवत, दर चौथा आठवडा हलका ठेवत गेल्यास नाताळपर्यंत तिशी गाठता येते. मित्र घोडेगावहून थेट डिंभे धरणापर्यंत निघाले म्हणून आपणही निघायचे, यातूनच पोटरी आणि नडगीची दुखणी येतात.

वेग? शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतका. लांब पल्ल्याच्या दिवशी धाप लागत असेल तर तुम्ही फार जोरात पळताय.

खाण्याचे गणित सोपे आहे. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात, म्हणजे १६०० ते २००० कॅलरी. पासष्ट किलोच्या माणसाला एका किलोमीटरला सुमारे पासष्ट कॅलरी लागतात, बेचाळीसला सत्तावीसशे. काही वाटा चरबी उचलते, पण कमी पडते ते तिशीनंतर, आणि यालाच धावपटू ‘भिंत’ म्हणतात. दीड तासाहून लांब धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. महागड्या जेलशिवायही ते होते. एक केळे आणि गुळाचा छोटा खडा, की तासाची बेगमी झाली. फक्त पोटाला त्याची सवय सरावातच लावा.

पाणी तहान लागेल तसे प्या. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम नेहमीपेक्षा कमी आढळले होते. जास्त पाणी पिऊन स्पर्धेअखेर वजन वाढलेल्यांना हा धोका अधिक होता. दर स्टॉलवर बाटली रिकामी करण्याची गरज नाही.

अंगदुखीची गोळी घेऊन पळण्याची चाल मात्र बंद व्हायला हवी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. गोळीशिवाय पळता येत नसेल तर त्या दिवशी पळू नये.

चाळिशीपुढच्या नवख्यांनी, विशेषतः रक्तदाब, मधुमेह, तंबाखू किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी, आधी डॉक्टरांना भेटावे. अमेरिकेत २००० ते २०१० दरम्यान सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंमध्ये ५९ जणांचे हृदय स्पर्धेत बंद पडल्याची नोंद आहे. म्हणजे धोका थोडाच, पण छातीत दाब, डाव्या हातात कळ, भोवळ जाणवली तर पदकाचा विचार तिथेच सोडावा. महिलांनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय होता. सरावात प्रगती होत नाही, जिना चढताना दम लागतो, याचे कारण पुष्कळदा पायांत नसून रक्तात असते.

मुंबईच्या आधीच्याच आठवड्यात भोगी-संक्रांत येते. बाजरीची भाकरी, तीळ, भोगीची मिसळभाजी हा थंडीचा उत्तम आहार आहे, भरपूर खा. पण शेवटचे दोन दिवस कोंड्याचे, तंतुमय पदार्थ कमी करून भात, पोळी, बटाटा यांवर राहा, नाहीतर माहीमच्या आधीच आडोसा शोधावा लागेल. प्रवास शनिवारी नको, जमल्यास शुक्रवारी करा. आदल्या रात्री झोप कुणालाच लागत नाही, त्याच्या आदल्या रात्रीची भरून काढा. परत आल्यावर आठवडाभर फक्त चाला, आणि चालायलाही उजाडल्यावरच बाहेर पडा. ऊसतोड तेव्हा चालूच असते.