लढाऊ हेलिकॉप्टरांचे पथक आणि विरळ हवा

हेलिकॉप्टर म्हटले की आपल्या भागातील माणसाच्या डोळ्यांपुढे निवडणुकीच्या सभेला आलेले पुढारी उभे राहतात, नाहीतर पुरात अडकलेल्यांना दोर सोडणारे जवान. परंतु याच यंत्राचे एक तिसरे रूप आहे. ते माणसे वाहून नेण्यासाठी नव्हे, तर लढण्यासाठीच बनविलेले असते. मी भूगोलाचा अध्यापक. शस्त्रास्त्रांचा जाणकार नव्हे. तरीही आपल्या वायुदलाच्या १२५ व्या हेलिकॉप्टर पथकाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा पदोपदी माझाच विषय मला भेटत गेला. म्हणून हा लेखनप्रपंच.

लढाऊ हेलिकॉप्टर म्हणजे काय, हे प्रथम पाहू. त्यात दोन आसने एकामागे एक असतात. सामान्यतः पुढे शस्त्रे चालविणारा आणि मागे थोड्या उंचावर वैमानिक बसतो. नाकाखाली वळणारी तोफ किंवा मशीनगन, दोन्ही बाजूंच्या आखूड पंखांखाली रॉकेटे व रणगाडाभेदी क्षेपणास्त्रे. त्याला धावपट्टी लागत नाही. झाडांच्या वा टेकडीच्या आडोशाला दबा धरून ते अचानक वर येते, मारा करते आणि पुन्हा दिसेनासे होते. अमेरिकेने १९६७ मध्ये व्हिएतनामच्या युद्धात 'कोब्रा' हे असे हेलिकॉप्टर उतरविले. पुढे सोव्हिएत रशियाने एम.आय.-२४ बनविले. ते तर आठ सैनिकही पोटात घेऊन उडे.

१९७१ च्या युद्धात आपल्याजवळ असे खास लढाऊ हेलिकॉप्टर नव्हते. त्या डिसेंबरात आपले सैनिक मेघना नदीपार नेले ते एम.आय.-४ या वाहतुकीच्या हेलिकॉप्टरांनी. ही उणीव भरून काढण्यासाठी १ नोव्हेंबर १९८३ रोजी १२५ वे पथक उभे राहिले. 'ग्लॅडिएटर्स' हे त्याचे नाव. त्याला एम.आय.-२५, म्हणजे एम.आय.-२४ चीच निर्यातीसाठी बनविलेली आवृत्ती, मिळाली. १९९० मध्ये १०४ व्या पथकाला त्याहून सुधारलेली एम.आय.-३५ मिळाली. ही यंत्रे उडवीत वायुदलाचे वैमानिक, पण लढाईत ती वापरावयाची भूदलाच्या गरजेप्रमाणे. पंजाब-राजस्थानच्या सपाटीवर शत्रूचे रणगाडे आले तर त्यांना वरून गाठावे, हा मूळ हेतू.

प्रत्यक्षात पहिली लढाई झाली ती मात्र भलतीकडेच. १९८७ मध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली आणि १२५ व्या पथकाची हेलिकॉप्टरे जाफना भागात लढू लागली. तेथे रणगाडे नव्हते. माडांच्या राया, खाजणे, दाट वस्तीची गावे होती. शस्त्रधारी कोण आणि नि:शस्त्र कोण, हे वरून ओळखणे अशा ठिकाणी अतिशय कठीण. सपाट वाळवंटासाठी आणलेले यंत्र वस्तीवर आले की त्याची ताकद हीच चिंतेची बाब होते. पुढे सन २००० च्या जुलैमध्ये आफ्रिकेतील सिएरा लिओन देशात वेढ्यात सापडलेल्या दोनशेहून अधिक भारतीय शांतिसैनिकांना सोडविताना एम.आय.-३५ ने मोलाची कामगिरी बजावली.

त्या दोहोंच्या मधल्या काळात कारगिलचे युद्ध झाले आणि तेथे भूगोलाने आपला हिशेब मांडला. हेलिकॉप्टर वर राहते ते फिरती पाती हवेला खाली ढकलतात म्हणून. हवा विरळ झाली की तीच पाती तितक्याच वेगाने फिरूनही कमी भार पेलतात. इंजिनाला प्राणवायू कमी मिळून त्याचीही शक्ती घटते. समुद्रसपाटीच्या मानाने ५,००० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे ६० टक्केच उरते. आपले तोरणमाळ हजार मीटरहून थोडेसेच अधिक उंच. कारगिलची शिखरे त्याच्या चौपट-पाचपट. उष्णतेनेही हवा विरळ होते. शहादा-लोणखेड्याच्या वैशाखातील ४२ अंशांच्या दुपारी ती १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के हलकी असते. भरल्या वजनी अकरा-बारा टन भरणारे एम.आय.-३५ शस्त्रांसह त्या शिखरांवर लढू शकत नव्हते.

मग काय केले? वाहतुकीच्या एम.आय.-१७ हेलिकॉप्टरांना रॉकेटे बांधून ती पाठविली. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगजवळ त्यांपैकी एक खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राला बळी पडले आणि आतील चौघेही जण हुतात्मा झाले. त्यानंतर या हेलिकॉप्टरांकडून हल्ल्याचे काम काढून घेण्यात आले. देशात लढाऊ हेलिकॉप्टरे होती, पण जेथे हवी तेथे ती पोचत नव्हती. त्या चौघांच्या मृत्यूमागे ही वस्तुस्थिती आहे, हे विसरता कामा नये.

हा धडा वाया गेला नाही. २००६ मध्ये उंचीवर लढणाऱ्या हलक्या हेलिकॉप्टरच्या योजनेला मंजुरी मिळाली. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते बनविले. २९ मार्च २०१० रोजी त्याने पहिले उड्डाण केले. त्याचे वजन ५.८ टन, म्हणजे एम.आय.-३५ च्या निम्मेच. चाचण्यांत ते सियाचीनच्या उंच तळावर उतरले आणि पुन्हा उडाले. ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूर येथे 'प्रचंड' या नावाने ते वायुदलाच्या १४३ व्या पथकात दाखल झाले. मार्च २०२५ मध्ये अशी आणखी १५६ हेलिकॉप्टरे घेण्याचा करार झाला. कारगिलपासून जोधपूरपर्यंत तेवीस वर्षे लोटली, याचीही नोंद केली पाहिजे.

दरम्यान १२५ व्या पथकाचेही रूप पालटले. ३ सप्टेंबर २०१९ रोजी पठाणकोटला त्याने अमेरिकन बनावटीची 'अपाची' हेलिकॉप्टरे स्वीकारली आणि पुढच्याच वर्षी अपाची लडाखच्या आकाशात दिसू लागली.

या साऱ्याशी आपल्या महाराष्ट्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो नाशिकशी आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी भूदलाचे स्वतंत्र विमानदल स्थापन झाले. त्याच्या वैमानिकांना लढाईचे शिक्षण देणारी शाळा २००३ पासून नाशिकरोडच्या गांधीनगर येथे आहे. २५ मे २०२२ रोजी याच शाळेत कॅप्टन अभिलाषा बराक यांना वैमानिकाचे पंख प्रदान झाले. भूदलाच्या त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक होत. आता भूदलालाही स्वतःची 'प्रचंड' व 'अपाची' मिळू लागली आहेत.

वर्गात हवेचा दाब आणि घनता शिकविताना 'सर, हे परीक्षेला आहे का?' असा प्रश्न हमखास येतो. विद्यार्थी मित्रहो, आहे. गुण थोडेच आहेत. परंतु युद्धाचे यंत्र विकत घेणाऱ्यांना, बनविणाऱ्यांना आणि उडविणाऱ्यांना हाच प्रश्न डोंगर विचारतो, आणि तेथे उत्तरपत्रिका पुन्हा तपासून मिळत नाही.